सलीमचा काळा पडदा

मला लबाडीचा वास आला की मी फोन करत नाही, थेट दारात जाऊन भांडतो. इंटरनेट नवं होतं तेव्हा असाच दौंडहून शिरूरला सलीमच्या दारात गेलो. मी दौंडचा वार्ताहर, तो शिरूरचा. दोघांनी सारखेच कॉम्प्युटर घेतले होते आणि रिकाम्या वेळी ते परग्रहावर कुणी आहे का हे शोधायला आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी तपासायच्या जगभरच्या कामाला जुंपले होते. पैज लागली होती, आधी काम संपवेल तो खरा. पण सलीम दर वेळी जिंकायचा. आता त्याची लबाडी सगळ्या पत्रकारांसमोर उघडी पाडायची, असं ठरवूनच मी निघालो होतो.

माझ्या पडद्यावर लाल-पिवळे आलेख नाचायचे. सलीमचा पडदा काळा ठिक्कर.

"बंद मशीन काम करतं व्हय रे? खोटारड्या!"

"ओरडू नको. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लाव."

डबा तापला होता. आत पंखा घरघरत होता.

"तुझ्या मशीनचा निम्मा जीव चित्रं काढण्यात जातो, येड्या. मी चित्रं बंद केली. हे आता नुसतं आकाश तपासतंय."

त्या काळ्या काचेमागे, शिरूरच्या एका खोलीत, कुठल्या तरी ताऱ्याकडचा आवाज चाळला जात होता. भांडायला आलेला मी, चित्रं कशी बंद करायची ते सलीमकडून शिकून घेतलं.

दौंडला येऊन मीही चित्रं बंद केली. दुसऱ्या दिवशी राहू गावचे एक आप्पा बातमी घेऊन आले. आले की ते आधी माझे आलेख बघत बसायचे.

"आभाळ बंद पडलं का हो?"

"न्हाई आप्पा," मी म्हणालो, "आता कुठं सुरू झालंय."