दत्तरावाचं नाक

ऐका, दोन हजार तेवीसचा फाल्गुन. होळी होऊन आठ दिवस झाले होते आणि आखाडा बाळापूरकडे ज्याच्या त्याच्या शेतात हळद शिजत होती. आमचा शेजारी दत्तराव हळदीतला मोठा शहाणा. काशीबाईची हळद त्याच्याच हळद शिजवायच्या मोठ्या कुकरात होती. एकटी बाई, वर्षाचं पीक तेवढंच.

ती म्हणाली, "भाऊ, शिजली का ते काडी टोचून बघा की."

"काडी नवशिक्याला लागते. मला वासावरून कळतं. कच्ची निघाली तर माझ्या ढिगातली भरून देईन."

मी म्हणालो, "दत्तराव, चाळीस वर्षं झाली, मी अजून काडी टोचून राहिलो."

"तुमाला नाक न्हाई, दादा, त्याला मी काय करू?" असं म्हणून त्यानं कुकर उपसला.

पंधरा दिवसांनी वाळलेली हळद मोडून पाहिली. आतून फिकी आणि ठिसूळ, म्हणजे कच्चीच राहिलेली. चारही पोती तशीच.

दत्तराव म्हणाला, "उन्हानं खाल्ली."

"ऊन तर तुमच्या हळदीवर बी तेच होतं," काशीबाई म्हणाली. "ती काहून चांगली निघाली?"

तो तोंड उघडायच्या आत त्याची बायको दारातून बोलली, "ती मी काडी टोचून काढली. हे तवा कळमनुरीच्या बाजारात लोकायला हळद कशी शिजवावी ते सांगून राहिले होते."

दुसऱ्या दिवशी दत्तरावानं आपल्या ढिगातली चार पोती एकेक करून पाठीवर आणली आणि काशीबाईच्या अंगणात उतरवली.