बाळाकाकांचा हलता पूल

हॅलो?… जिज्ञासा बाय, मी बाळाकाका, खरवईहून… आधी ऐक. जे सांगणार आहे त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तू तर दातांची डॉक्टर, तू मुळीच नाही.

… तुझा पूल हलतोय.

… अगं, माझ्या तोंडातला. उजवीकडचा, शिमग्याला बसवलास तो. जिभेने ढकलला की झोपाळ्यासारखा जातो-येतो.

… नाही, दुखत नाही.

… हाडूक? कसलं हाडूक? काल धर्मेशच्या हळदीला गेलो, कबूल. पण मांडवात वरणभात खाल्ला. मी मटण नको म्हटल्यावर वाढपी रडकुंडीला आला होता.

… हो, हो, आठवतं. पुन्हा हाड फोडलं तर पूल उतरवणार, शेजारी जबड्यात दुसरा स्क्रू पिळणार, आणि तो धरेपर्यंत चार महिने मला पेज. म्हणून तर सांगतो, फोडलंच नाही. तू आज फक्त चावी फिरवून घट्ट कर.

… घाई का? अगं, महिन्याभरात अजून चार हळदी आहेत. मटणातली पहिली नळी आळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्याच्या ताटात. रामभाऊ गेल्यापासून तो मान माझा. मी पेज पीत बसलो तर नळी माझ्या खालोखालच्या जनूच्या ताटात जाईल. जनूच्या, बाय. त्याला चोखतासुद्धा येत नाही.

… मग सैल कसा झाला? तूच नाही का शिकवलंस? पुलाचा पुढचा खांब माझा जन्माचा दात, मागचा खांब तुझा स्क्रू. दाताखाली देवाने गादी घातलीय, दाबला की केसभर दबतो. स्क्रूला गादी नाही, तो हाडात ताठ. म्हणजे भाताचं पोतं दोघांनी उचलायचं आणि एकाने हळूच हात सैल सोडायचा. सगळा भार दुसऱ्यावर… बघ, पाठ आहे.

… येतो, मुद्द्यावरच येतो. काल हळदीहून रिक्षाने परत येत होतो. पुढे खड्डा. खड्डा कसला, विहीर. रिक्षा उडाली. इतकी, की खालून एक म्हैस निघून गेली.

… दोन. दुसरं रेडकू होतं, म्हणून मोजलं नव्हतं.

… हसू नकोस. वर असताना एमआयडीसीची चिमणी आतून पाहिली. खालून वाटते तेवढी खोल नाही… मग आलो खाली. दाढेवर दाढ आपटली. माझा दात बिचारा गादीत दबला, आणि माझं वजन, रिक्षाचं वजन, तुझ्या मोतीकाकीचं वजन, सगळं त्या एका स्क्रूवर. तो तरी काय करील?

… नाही, काकीला काही झालं नाही. ती झोपली होती.

… कुणाची रिक्षा? आता ते कशाला?… अगं, कैलासची. अंबरनाथला कारखान्याच्या पाळीची माणसं सोडतो तो.

… कुठे आहे म्हणालीस?

… तुझ्या खुर्चीत? आत्ता?

… म्हणजे फोन मघापासून स्पीकरवर आहे?

… असू दे, असू दे. त्याच्या तोंडात कापूस कोंबलायस ना? मग बोलायला लावू नकोस. दाढ सुजलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं.

… हाताने काय दाखवतोय? रिक्षा चार दिवस गॅरेजात? त्याची दुसरी असेल.

… कापूस काढू नकोस, जिज्ञासा. मोठ्या माणसाचं ऐकावं. जिज्ञासा…

… ऐकलं. एवढ्या मोठ्याने बोलायला नको होतं, मला ऐकू येतं. काल मांडवात तो माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता, हे खरं. आणि म्हाताऱ्याने उजव्या दाढेने तीन नळ्या फोडल्या, असं म्हणतोय तो?

… खोटारडा आहे, बाय. साफ खोटं बोलतोय.

… पाच फोडल्या.

… हॅलो?… जिज्ञासा?… हो, आहे, फोनवरच आहे.

… बरं. सोमवारी दहाला. पूल उतरवायलाच.

… जनूला मात्र सांगू नकोस. ठेवतो.