बावन्न पानांत एकच राजा

दोन हजार चोवीस साल, मृगाचा तिसरा दिवस, रानात वाफसा, घरात सोयाबीनचं बी तयार, आन् अशा येळी चौऱ्याहत्तर वर्षांचा मी, गुंडेराव, औरादच्या बाजारात पत्त्याचा कॅट मागत उभा! पत्त्याचा! मी! आमच्या भजनी मंडळात टाळ जरा चुकला तर पोरं माझ्याकडं बघून घाम पुसतात, त्यो मी!

दुकान सिद्धलिंगप्पाचं. त्यो आपला मोठ्यानं विचारतोय, "एन बेकु, अण्णा? काय पायजे?"

मी म्हणलो, "ते..."

"काय ते? उदबत्ती?"

"न्हाई रे, ते..."

"मग कापूर?"

कामून की चाळीस वर्षांत त्याच्याकडनं दुसरं काय नेलोच न्हाई मी! शेवटी बोटानं दाखवलो. त्यानं बोटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा बोटाकडं. "पत्ते? अण्णा, तुमी?" दुकानातली चार गिऱ्हाईकं एकदम वळली की हो! मी कमी बोलणारा माणूस. म्हणलो, "नातीच्या अभ्यासाला." तर सगळे हसायले! तुमाला सांगतो, जल्मात पहिल्यांदा मला कुणी खोटारडा ठरवला, आन् त्ये बी खरं बोलल्यावर!

आता तुमी म्हणाल, अभ्यासाला पत्ते कशाला? तेच तर सांगायलोय, मधी बोलू नका.

मंजुश्री, माझ्या रामची पोरगी, गुलबर्ग्याला डिग्रीला. आमच्या घरातनं तेवढं शिकायला गेलेली पहिलीच. पहिल्या सेमिस्टरला सगळ्यात पास, एका विषयात नापास. फायनाइट मॅथेमॅटिक्स आन् प्रोबॅबिलिटी. नाव घेईपर्यंत माझी कवळी हलतीया! पुन्हा परीक्षा बावीस दिवसांवर. राम म्हणला, "आता नापास झाली तर बास. घरी राहील, शिवणकाम शिकंल." आन् राम माझाच पोरगा, बोलला म्हणजे बोलला.

पोरगी कोपऱ्यात बसून रडायलीय. मला रडणं चालत न्हाई. मी कमी बोलणारा माणूस, म्हणलो, "डोळे पूस. पुस्तक आण. म्होरं बस. वाच." माझी शाळा तिसरीपर्यंत, पण पुढं दटावणारा माणूस आसला की अभ्यास होतोय, एवढं मला कळतंय.

ती वाचायली, "एका पिशवीत पाच तांबडे आन् तीन काळे चेंडू हाईत. न बघता दोन काढले..."

"न बघता कामून?"

"तसंच आसतंय, आजोबा."

"चेंडू कुणाचे?"

"कुणाचेच न्हाईत!"

"मग दुसऱ्याच्या पिशवीत हात कामून घालायचा?"

"आजोबा, तुमी गप बसा बघू!"

मला! गप बस म्हणली मला! बसलो की. काय करता?

मग रुपया उडवला. मग फासा टाकला. पोरगी धडाधड उत्तरं द्यायली, पुस्तकाच्या मागं बघितलं तर उत्तर बरोबर. मग नापास कशी झाली ही? म्हणलो, "पेपरात चुकलं काय?"

"तेच तर कळंना. पत्त्याचे पाच सवाल होते, पाची गेले. बावन्न पानांतनं दोन काढली, दोनी राजे येण्याची शक्यता किती? मी शून्य लिहिले."

"शून्य कामून?"

"राजा एकच आसतोय की, आजोबा! एका राज्यात दोन राजे कसे राहतील?"

आता हिला कोण हसणार? पानं बावन्न, एवढं तिनं पाठ केलेलं. राजा एक, हे तिला विचारायची गरजच वाटली न्हाई. सूर्य किती, असं कुणी मास्तरला विचारतंय का? आन् घरात पान बघितलेलं न्हाई, आमच्या घरात पत्ता शिरायचा न्हाई हा माझाच कायदा, पंचेचाळीस वर्षांचा!

आन् तुमाला सांगतो... गेलं की माझ्या तोंडातनं! "एक कसा गं, येडे? चार! इस्पिकचा, बदामचा, चौकटचा, किलवरचा! चार राण्या, चार गुलाम, चार एक्के, आन् तीन पत्तीत..."

चुलीम्होरं नागूबाई, माझी मालकीण, एकावन्न वर्षं संसार केलेली, हातातली भाकर हातात धरून म्हणती, "अवो... तुमाला कसं म्हाईत?"

मी कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी सगळं बोलावं लागलं. सांगितलो मग. लग्नाआधी निंबर्ग्याला मामाकडं होतो, तिथं चिंचेखाली खेळायचो. थोडं न्हाई, लई. मामानं तीन दिवस गोठ्यात बैलांच्या रांगेत दाव्यानं बांधला, तवा सुटलं. नागूबाई म्हणती, "म्हणून व्हय बैल तुमचं ऐकतात!" ती हसली. पण दारात राम उभा होता, त्यो हसला न्हाई.

राम नववीत होता तवाची गोष्ट. शाळेच्या भिंतीमागं पोरांसंगं पत्ते खेळताना मला दिसला. मी बोललो न्हाई, एक ठेवून दिलो कानाखाली, आन् दुसऱ्या दिवशी शाळा बंद करून नांगराला लावलो. हुशार होता. मास्तर दोनदा घरी आला, मी दोनदा चहा पाजून लावून दिलो.

राम म्हणला, "अप्पा, मला एका डावापायी शाळेतनं काढलाव. आन् तुमी स्वतः..." एवढंच. चप्पल घातली, रानात गेला.

माफी मागायची आमच्याकडं रीत न्हाई. बाप लेकाची माफी मागतोय, असं तुमी कुठं ऐकलाव का? मी बी न्हाई. म्हणून मी औरादला गेलो. आता कळलं का कामून?

मग सुरू झालं बघा! ओसरीवर पोतं अंथरून आजा-नात पत्ते कुटायलेत, गल्लीतली माणसं उगाच दोन-दोन येळा पाणी भरायला जायलीत, "अण्णा, अभ्यास कसा हाय?" विचारायलीत! मी पिसायचो, दोघांना दोन-दोन पानं वाटायचो, ती वहीत रेघ मारायची, पुन्हा सगळी पानं गोळा. हात बघा कसा... पन्नास वर्षं विळा धरला, पण पानं पिसायला विसरला न्हाई मेला!

साठ डाव झाले आन् पोरगी थांबली. वहीकडं बघायली. माझ्याकडं बघायली.

"आजोबा, दोन राजे दोनशे एकवीस डावांत एकदा यायला पायजेत."

"बरं."

"तुमाला साठांत चार येळा आले."

"नशीब आसतंय एकेकाचं."

"नशिबाचं बी गणित आसतंय. असं दहा हजारात दोन येळा बी होत न्हाई." आन् हात पुढं केली. "मांडीखालचं पान काढा."

नातीकडनं हरायचं, हे मला जमंना हो! काय करू? काढलो. बदामचा राजा. नागूबाई तोंडाला पदर लावून आत पळाली. पण तुमाला सांगतो, त्या घडीला मला कळलं, ही पास होणार. चोरी वहीतनं पकडणारी पोरगी पेपरात कशी चुकंल?

परीक्षा झाली. पंधरा ऑगस्टच्या आधी निकाल लागला. शंभरात त्र्याहत्तर! पोरीनं फोन रामच्या हातात दिला. रामनं बघितलं, पुन्हा बघितलं, म्हणला, "सोमवारची गाडी हाय ना गुलबर्ग्याला? सामान भर." बास. त्यो बी कमी बोलणारा, घराणंच तसलं.

मग पाय धुतला, आन् सरळ माझ्याम्होरं येऊन बसला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, पोतं अंथरून. कॅट माझ्यापुढं सरकवला.

"वाटा, अप्पा."

मी हात पुढं केलो.

"मांडी घालू नका. पाय पसरून बसा."

पसरलो, आन् वाटलो.