बॅटरीचा गेटपास

पर्यावरणाचं नाव माझ्यापुढं काढू नका राव! नवी ई-बाइक परवडत नाही म्हणून जुन्या बाजारातली मोटर आणि एका मोडक्या ई-स्कूटरची बॅटरी बसवून मी साधी सायकल इलेक्ट्रिक केली. काळेवाडीहून भोसरीला कंपनीत ऐटीत गेलो. एचआर मॅडम एवढ्या खूश, की जेवणाच्या सुट्टीत सायकलसकट माझा फोटो काढला आणि 'हरित कामगार' असं सर्टिफिकेटही दिलं.

शिफ्ट सुटल्यावर सिक्युरिटीच्या मामांनी गेटवर अडवलं.

"बॅटरीचा गेटपास?"

"अहो मामा, माझीच आहे. सकाळी तुमच्यासमोरच आणली की!"

"रजिस्टरला एंट्री नाही. एंट्री नाही म्हणजे माल कंपनीचा."

मी सर्टिफिकेट मामांच्या टेबलावर ठेवलं आणि मोबाइलवर तो फोटो दाखवला. मामांनी तो बोटांनी मोठा करून बघितला.

"मागं कंपनीचा बोर्ड दिसतोय. म्हणजे बॅटरी कंपनीतलीच. आता तर पुरावाच झाला!"

मॅडम तोवर त्यांच्या डिझेलच्या गाडीतून कधीच गेल्या होत्या. शेवटी बॅटरी गेटवर ठेवली आणि त्या जड मोटरीसकट पायडल मारत निघालो. तर मामा मागून ओरडले, "ओ भाऊ, सर्टिफिकेट राहिलं! न्या, त्याला गेटपास लागत नाही."