गेट बंद होतं ते तीन तास

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे प्राचार्य डॉ. राजशेखर बिराजदार सर. संस्थेचे सचिव, आदरणीय आबासाहेब ननवरे. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती, फौजेतले माजी हवालदार शंकरप्पा कोरे, म्हणजे आपले सगळ्यांचे कोरेमामा. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी भागव्वावहिनी. माझे सहकारी प्राध्यापक, कार्यालयातली मंडळी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मी जाहिदा नदाफ, राज्यशास्त्र विभाग. मला पाच मिनिटं दिली आहेत. बाहेर जेवण तयार आहे आणि मामांना अक्कलकोटची गाडी गाठायची आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही थोडा जास्त वेळ घेईन असं आधीच सांगून टाकते.

काही जणांना प्रश्न पडला असेल. महाविद्यालयाच्या गेटवर चौदा वर्षं सुरक्षारक्षक म्हणून काम केलेल्या माणसाच्या निरोपाला राज्यशास्त्राच्या बाईंनी का बोलावं? त्याचं उत्तर चार वर्षांपूर्वीच्या एका तासात आहे.

त्या दिवशी मी तृतीय वर्षाला सामूहिक सुरक्षा शिकवत होते. एका राष्ट्रावरचं आक्रमण हे सगळ्यांवरचं आक्रमण मानायचं, ही ती कल्पना. तिथून ओघानं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेकडे आले. यजमान देशाची संमती, निःपक्षपातीपणा, बळाचा कमीत कमी वापर, अशी तत्त्वं मी फळ्यावर लिहिली. एकोणीस वर्षं शिकवतेय, झोपेतही सांगेन. तेवढ्यात अजिंक्य नावाच्या विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅडम, एका देशात बाहेरचं सैन्य जाऊन उभं राहिलं, तर त्या देशाचं सार्वभौमत्व राहिलं कुठं?" मी म्हटलं, त्या देशाच्या सरकारनं संमती दिलेली असते, म्हणून सार्वभौमत्वाला बाध येत नाही. परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतात.

संध्याकाळी गाडी काढताना कोरेमामा जवळ आले. दुपारी वर्गाच्या खिडकीची कडी बसवायला आले होते, तेव्हा त्यांनी सगळं ऐकलं होतं. जरा घुटमळले आणि म्हणाले, "म्याडम, रागावू नका. त्या पोराला तुमी बरोबर सांगितलं. पर अर्धंच सांगितलं."

मी विचारलं, उरलेलं अर्धं कोणतं? तेव्हा कळलं की फौज सोडण्याच्या दोन वर्षं आधी हा माणूस शांतिसेनेची निळी टोपी घालून आफ्रिकेतल्या एका देशात अकरा महिने राहून आला होता. आमच्या कार्यालयातल्या त्यांच्या अर्जावर फक्त दोन शब्द आहेत, माजी सैनिक. रोज त्यांना नमस्कार करून मी आत जात होते आणि वर्गात जाऊन शांतिसेना पुस्तकातून वाचून दाखवत होते.

वर्गात येऊन बोला, म्हणून मी मागे लागले. दोन महिने ते नाही म्हणत राहिले. शेवटी कबूल झाले, पण दोन अटींवर. त्या देशाचं नाव घ्यायचं नाही, कारण तिथली माणसं चांगली आहेत, त्यांची बदनामी नको. आणि सांगायचं तर सगळं सांगणार, मधलं गाळणार नाही.

ते काय बोलले ते आज मी तुम्हाला सांगणार आहे. त्यांची परवानगी घेतली आहे.

एका लहान गावाबाहेर त्यांची चौकी होती. भोवती तारेचं कुंपण, एकच गेट, आत चाळीस जवान आणि एक मेजरसाहेब. त्या देशात दोन जमातींत वैर पेटलं होतं आणि सरकारी फौज त्यातल्या एकीच्या बाजूनं झाली होती. एके दिवशी सकाळी गावात गोळीबार सुरू झाला. दुपारपर्यंत दुसऱ्या जमातीची माणसं कुंपणापाशी येऊन थडकली. शंभर, पाचशे, मग मोजता येईनात. आरडाओरडा नव्हता, असं मामा म्हणाले. रेशनच्या दुकानासमोर बसावीत तशी भांडी-बोचकी घेऊन ती माणसं गेटसमोर बसून राहिली.

चौकीत नागरिकांना घ्यायचं नाही, असा नियम होता. सरकारनं संमती दिली होती ती जवानांना आणि त्यांच्या सामानाला. एका बाजूच्या माणसांना आत घेतलं तर निःपक्षपातीपणा उरतो का? मी फळ्यावर लिहिलेली तत्त्वं ती हीच. मेजरसाहेबांनी वर विचारलं. वरून उत्तर आलं, थांबा. पुन्हा विचारलं. थांबा.

असे तीन तास गेट बंद राहिलं. आतून गेटवर उभे होते हवालदार कोरे.

बाहेरच्या माणसांत एक उंच शाळामास्तर होता. त्याच्या शर्टाच्या खिशात खडू होते, ते मामांना अजून आठवतात. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो तारेतून मामांना विचारत होता की आत यायला कुठला कागद लागतो, तो दाखवा, मी सगळ्यांच्या वतीनं सही करतो. मामांकडे असा कागद नव्हता.

मग गर्दीच्या मागच्या बाजूनं गोळ्या आल्या. मेजरसाहेबांनी पुन्हा वर विचारलं नाही. ते स्वतः धावत आले आणि गेट उघडायला सांगितलं. माणसं आत लोटली. मास्तर बाहेर थांबून बायका आणि म्हाताऱ्यांना पुढे ढकलत राहिला. त्या दिवशी कुंपणापाशी बारा माणसं मेली. मास्तर त्यांत होता.

तासाभरात सरकारी फौजेच्या गाड्या आल्या. त्यांचा कप्तान म्हणाला, देश आमचा, जमीन आमची, माणसं आमची. आत घेतलेले पुरुष आमच्या ताब्यात द्या. बघा, अजिंक्यचाच प्रश्न, फक्त बंदुकीसह विचारलेला. मेजरसाहेबांनी शांतपणे उत्तर दिलं की जमीन तुमचीच आहे आणि आम्ही पाहुणे आहोत. पण या कुंपणाचा ताबा तुमच्या सरकारनं सही करून आम्हाला दिला आहे. तो परत घेतल्याचं त्याच सरकारचं पत्र आणा. तोवर कुणी आत येणार नाही. कप्तानानं एक तासाची मुदत दिली आणि गाड्यांवरच्या मशिनगन गेटकडे वळवल्या.

तेव्हा कोरेमामा आणि आणखी पाच जवान गेट उघडून बाहेर गेले आणि गेट मागून लावून घेतलं. बाहेर का? वर्गात हे विचारलं गेलं. मामा म्हणाले, "आत उभं राहिलं तर आमच्यावरची गोळी मागच्या लोकांस्नी लागती. भाईर उभं राहिलं म्हंजे त्यांना आमच्याशी आधी बोलावं लागतंय." इतकं साधं. एक तास आणि वर पंधरा-वीस मिनिटं ते सहा जण तिथं उभे होते. पत्र आलं नाही. गाड्या वळून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून निरोप आला, गेट उघडायला परवानगी आहे.

आत आलेली माणसं भरली दोन हजार. पुढचे सात महिने ती त्या कुंपणात राहिली, आणि चाळीस जवानांनी आंघोळीला माणशी अर्धी बादली पाण्यावर ते महिने काढले. भागव्वावहिनी मघाशी मला म्हणाल्या, "घरी आल्यावर एवढंच बोलले की, तिकडं लई उकडतंय." ही हकिकत वहिनींनाही आमच्या वर्गानंतरच कळली.

त्या दिवशी वर्गात अपेक्षा नावाच्या मुलीनं विचारलं, "मामा, बाहेर उभं राहिलात तेव्हा भीती वाटली?"

"तवा न्हाय," मामा म्हणाले. "आदीच्या तीन तासांत लई भ्यालो. बंदूक माझ्याच हातात होती, किल्ली माझ्याच खिशात होती, अन् मी नुसता उभा होतो."

अजिंक्यकडे वळून ते एवढंच म्हणाले, "देश त्यांचा, हे खरं हाय. पर भाईर बसल्याली माणसं बी त्याच देशाची होती की."

माझ्या विद्यार्थिदशेत राष्ट्रीय सुरक्षा म्हणजे सीमा, रणगाडे, विमानांची संख्या. आता पुस्तकं म्हणतात की सुरक्षा माणसाची असते, सार्वभौमत्व हा हक्क आहे तशी जबाबदारीही आहे, आणि राज्यच जेव्हा आपल्या माणसांवर उलटतं तेव्हा जगानं काय करावं, यावर मोठमोठे ठराव होतात. मी ते सगळं वाचलं होतं. पण तारेपलीकडून सहीचा कागद मागणारा तो मास्तर मला एकाही पुस्तकात भेटला नव्हता. तेव्हापासून हे प्रकरण शिकवताना माझा आवाज आपोआप खाली येतो. भीतीनं नव्हे. एखाद्या फार मोठ्या गोष्टीसमोर उभं राहिल्यावर येतो तसा.

तास संपला, मुलं गेली. मामा मागे थांबले. आज मला सत्कारमूर्तींबद्दल जे सांगायचंय ते खरं तर इथं आहे. त्या दिवशी मी पुन्हा फळ्यावर लिहिलेली तत्त्वं त्यांनी सावकाश वाचली आणि विचारलं, "म्याडम, तुमच्या पुस्तकात आता काय लिवलंय? वरनं परवानगी आली न्हाय, तर गेट उघडावं का न्हाय?"

मी त्यांना खोटं सांगू शकले नाही. म्हटलं, मामा, नियम पुष्कळ सुधारलेत. लोकांचं रक्षण करणं आता कामातच धरलंय. पण नेमक्या त्या घटकेला कुणी ठरवायचं, यावर अजून वाद आहे. दोन्ही बाजूंनी लिहिलं जातं.

मामांनी टोपी घातली.

"मग ठरवा की म्याडम लवकर," ते म्हणाले. "लोक भाईर बसल्यात."

अध्यक्ष महोदय, मला बोलायची संधी दिलीत, संस्थेनं हा सोहळा घडवला आणि आपण सर्वांनी पोटातली भूक आवरून ऐकलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलले, आणि माझं कौतुक करू नका असं मामांनी बजावलेलं असताना ते केलं. या दोन्ही गोष्टींसाठी सभागृहानं मला क्षमा करावी. मामा, तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चार वर्षांत मी शोधू शकले नाही, त्याबद्दलची क्षमा मात्र मी एकट्या तुमच्याकडे मागते.