छबू म्हणजे मी नव्हे

…आणि वर मला सांगतात, दार हळू लाव, ती दचकते! म्हणजे ऐका हं, माझ्या घराचं, माझ्या स्वयंपाकघराचं मागचं दार मी हळू लावायचं, का, तर बाहेर एक कोंबडी अंडं घालायच्या विचारात बसलीय. घातलं नाहीये अजून, नुसता विचार चाललाय, पण तेवढ्यासाठी आम्ही सगळ्यांनी श्वास धरून चालायचं! क्षितिजा झाली तेव्हा, तुम्हाला सांगते, मी ह्याच माणसाला म्हटलं होतं, अहो, बाळ आत्ता कुठे निजलंय, टीव्ही जरा बारीक करा, तर म्हणाले, 'सवय होऊ दे तिला.' स्वतःच्या लेकीला सवय होऊ दे, आणि कोंबडी दचकते!

मी जळते असं समजू नका हं. कोंबडीवर कोण जळेल? काहीतरीच.

आता तुम्ही म्हणाल, भाईंदरमध्ये कोंबड्या कुठून आल्या. सांगते ना. आम्ही मूळचे लालबागचे. तिथली खोली विकली आणि इथे खारी गावाच्या कडेला हे बैठं घर घेतलं. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत, वरून पाहिलं तर आमचं घर म्हणजे कुणाच्या तरी बाल्कनीतून खाली पडलेला डबा वाटत असेल, पण मागे जागा आहे! एक पेरूचं झाड आणि झाडापासून भिंतीतल्या खिळ्यापर्यंत माझी कपड्यांची दोरी. लालबागला अख्खा जन्म वरच्या शेजारणीच्या चादरीचं पाणी माझ्या साडीवर टपकलं, म्हणून मी ठरवलं होतं की मरायच्या आधी एकदा तरी स्वतःच्या उन्हात कपडे वाळवायचे. वाळवले की. चांगली दोन-तीन वर्षं वाळवले. मग हे रिटायर झाले.

हे म्हणजे आत्माराम, आमचे मिस्टर. सगळा जन्म एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये काढला, घरी आले की पेपर, जेवण, झोप. बोलणं म्हणजे 'मीठ दे' आणि 'लाइट घालव'. स्वभावच अबोल, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले. मी समजूत घातली होती हो मनाची! काही माणसांना नाही जमत बोलायला, म्हटलं, नसेल जमत. आणि मग ह्यांना मॉर्निंग वॉकला ते हरिश्चंद्र पाटील भेटले, मुर्धा गावचे. एक दिवस स्कूटरवरून येतात काय, पायाशी पुठ्ठ्याचा खोका काय, आणि खोक्यात चार गावठी कोंबड्या! मला म्हणाले, 'वैनी, अंडी खावा. न्हाय दिली तं रस्सा हाय.' माणूस कसा स्पष्ट. मी मनात मसाला काढलासुद्धा.

कसला रस्सा! दुसऱ्या दिवशी माझी दोरी गेली. कपड्यांचं पाणी त्यांच्या अंगावर टपकतं म्हणे. तेव्हापासून माझ्या साड्या घरात खुर्च्यांवर वाळतात आणि पेरूखाली खुराडं आहे, त्याला रंग दिलाय, आत भुसा घातलाय, वर पत्रा, पत्र्यावर पोतं, कारण पत्रा तापतो. आमचा बेडरूमचा पंखा गेले दोन उन्हाळे कर्रकर्र करतोय त्याचं काही नाही. सकाळी उठून हा माणूस कणी भिजवतो. स्वतः! ज्याला घरात तांदळाचा डबा कुठला आणि रव्याचा कुठला हे माहीत नव्हतं तो कणी निवडतो, खडे काढतो, मग पाट टाकून त्यांच्यासमोर बसतो आणि विचारतो… काय विचारतो? विचारतो, 'जेवलात का गं नीट?'

इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नाही हो, जेवलीस का म्हणून. मी जळते असं नाही, पण नोंद नको घ्यायला माणसाने?

बरं, लक्ष किती! 'अगं, हिचं शेपटीचं एक पीस गळलंय.' एक पीस! मी मागे पार्लरमध्ये जाऊन केस खांद्यापर्यंत कापून आले, मुद्दाम ह्यांच्यासमोरून तीनदा गेले-आले, पाणी दिलं, चहा दिला, पेपर उचलून दिला. आठवड्याने मान वर करून म्हणतात, 'पंखा पुसलास का गं? घर उजळ वाटतंय.' कोंबडीचं पीस दिसतं आणि बायकोचं अर्धं डोकं गेलं ते दिसत नाही!

क्षितिजाला फोन केला पुण्याला. म्हटलं, बाई, तुझ्या बापाला आवर. तर ती म्हणते, 'आई, बाबांना एंगेज राहायला काहीतरी मिळालं ना, चिल.' चिल काय चिल! मी इथे पार गारठून गेलेय. आणि मागच्या टॉवरमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या मिनलबेन, त्या बाल्कनीतून रोज बघतात. मला म्हणाल्या, 'उर्मिलाबेन, अंकल कितने प्यार से बात करते हैं! हमारे ये तो फोन पे भी चिल्लाते हैं. आप कितनी लकी हो.' अहो, मी कुठली लकी? ती बघा लकी, ती तिथे माती उकरतेय! आणि चिकन बंद, हे सांगायचंच राहिलं. रविवारी चिकन बंद. म्हटलं, त्यांना काय कळतंय आपल्या पातेल्यात काय शिजतंय ते? तर म्हणाले, 'आपल्याला कळतं ना.' झालं, रविवारी दुधी.

हेही सगळं मी गिळलं. दुधीसकट गिळलं. पण मग ती दुपार आली.

लग्न झालं तेव्हा, तुम्हाला म्हणून सांगते, हे मला छबू म्हणायचे. चेष्टा करू नका! तेव्हा माणसं म्हणायची असं काहीबाही. चाळीत भिंती पातळ, त्यामुळे अगदी हळू म्हणायचे, कानाशी, आणि मी 'इश्श' म्हणायचे, तेही हळूच. मग पोरं झाली, सासूबाई आल्या, आणि छबूचं झालं 'अगं', 'अगं'चं झालं 'ऐकलंस का', आणि शेवटी तर नुसतं खाकरायचे, मी ओळखायचे. तर त्या दुपारी मी पुरणपोळीचं पुरण वाटत होते, हाताला पुरण, कपाळाला घाम, आणि मागच्या अंगणातून हाक आली. 'छबू… ये गं छबू…' अगदी तश्शीच, हळू, जुनी हाक. हात धुवायचं भान नाही, पदराला पुसले, केसांवरून हात फिरवला, म्हटलं, देवाला दया आली, माणूस परत आला माझा, आणि मी दारात जाऊन, आता ह्या वयात शोभतं का, पण म्हटलं, 'ओ?'

ह्यांनी मान वर केली. म्हणाले, 'अगं, तू नाही.' आणि त्यांच्या पायाशी ती तांबडी कोंबडी तुरुतुरु आली.

हो! माझं नाव! त्यांनी माझं नाव कोंबडीला दिलं होतं आणि मला आत पाठवलं! बाकीच्या तिघींना काय नावं आहेत? नाहीत. 'ए बायांनो' म्हणतात त्यांना. नाव फक्त तांबडीला. मी आत आले आणि ते पुरण असं वाटलं, असं वाटलं, की पाट्याखालची फरशी हलली. आणि तरी म्हणते, मी जळत नव्हते. हां, जरा धूर निघत होता.

आता पुढची गंमत बघा. त्यानंतर थोड्याच दिवसांत छबू बसली. बसली म्हणजे टोपलीत बसली ती उठेच ना. पिसं फुलवून बसलेली, दाणा नाही, पाणी नाही, जवळ गेलं की टोच. खाली अंडंही नाही, नुसत्या भुशावर ठाण मांडलेलं. ह्यांचा चेहरा असा झाला की जसं माझंच काही झालंय… छे, माझं काही झालं असतं तर असा नसता झाला. पलीकडच्या घरात वैजयंता राहते, नांदेडकडची, इथल्या शाळेत शिकवते. तिने भिंतीवरून बघितलं आणि म्हणाली, 'खुडूक बसलीय, काका. आमच्याकडं गार पाण्यात बुडवतात अन् दोन दिवस उघड्यावर डालग्याखाली ठेवतात. ऊब गेली की उठते आपोआप.' पण हे कसले बुडवतायत? पाट घेऊन टोपलीशेजारी बसले. तिला टोचू देत होते. हात लाल लाल झाला तरी पाठीवरून हात फिरवत होते, मानेपासून खाली, मानेपासून खाली, आणि म्हणत होते, 'काय झालं माझ्या छबूला? कोण बोललं?'

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते आणि तुम्हाला खोटं कशाला सांगू, गॅसवरचं दूध उतू गेलं तरी मी हलले नाही. रागच होता असं नाही. म्हटलं, एवढी माया ह्या माणसाकडे होती! एवढ्या वर्षांत ठेवली कुठे होती? मी शोधायची कुठे राहिले होते?

मग मी पण बसले.

ठरवून नाही हो. हॉलमधल्या सोफ्यावर टेकले ते उठावंसंच वाटेना. आजूबाजूला माझ्या अर्ध्या वाळलेल्या साड्या, मधे मी. स्वयंपाक नाही, चहा नाही, बोलणं नाही. दुपारी हे येऊन म्हणाले, 'भात लावलास?' मी गप्प. त्यांनी स्वतः खिचडी केली, करपवली, एक वाटी आणून दिली. मी तोंड फिरवलं. 'ताप आहे का बघू' म्हणून हात पुढे केला तर मी अशी काही अंगावर गेले की ते दोन पावलं मागे सरले. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा मात्र त्यांनी मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी ओळखली. ते टोपलीकडे तसं बघतात.

मागे गेले. मला खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. वैजयंताला म्हणाले, 'अगं, ती कालपासून जागची हलत नाही. खात नाही. जवळ गेलो तर अंगावर येते.' ती म्हणाली, 'मग मी सांगितलं नव्हतं का, काका? गार पाण्यात बुडवा.' ह्यांचा आवाज एकदम पडला. म्हणाले, 'तिला बाथरूमपर्यंत उचलून नेणं मला झेपणार नाही गं.'

पोरगी हसायला लागली, ती थांबेच ना. आणि थांबल्यावर म्हणाली, 'काका, कोंबडीला बोलता येत नाही म्हणून ते पाणी अन् डालगं. काकूंना बोलता येतं. विचारा की त्यांना काय पाहिजे.'

हे आत आले. हातात पाट. तोच, मागचा. माझ्या सोफ्यासमोर टाकला, त्यावर बसले आणि विचारलं, 'तुला काय पाहिजे?'

आता बघा, ह्या एका प्रश्नाची मी लग्न झाल्यापासून वाट बघत होते. यादी तयार होती! एकेक वाक्य घोळवून ठेवलं होतं, भांडी घासताना घोळवलं, रात्री छताकडे बघत घोळवलं. आणि आयत्या वेळी सगळं गेलं. तोंडातून निघालं काय, तर लहान पोरीसारखं, 'छबू माझं नाव आहे.'

त्यांना आश्चर्य वाटलं. खरं खरं आश्चर्य, सोंग नाही. म्हणाले, 'हो, म्हणून तर ठेवलं. त्या चौघींत तीच जरा बरी होती. चांगलं असं दुसरं नाव मला माहीतच नाही.'

आता तुम्हीच सांगा. हा माझा मान की कोंबडीचा? हसायचं की रडायचं? मी दोन्ही केलं. आणि मग ह्यांनी हात पुढे केला आणि माझ्या डोक्यावरून फिरवला, डोक्यापासून मानेपर्यंत, डोक्यापासून मानेपर्यंत… हो, तस्साच, कोंबडीचाच हात होता तो, मला काय कळत नाही? पण बरं वाटलं. मी हलले नाही. म्हटलं, कशाला हलायचं? उठताना हे म्हणाले, 'तिचं नाव बदलतो.'

आणि माणूस शब्दाचा, हे म्हणावंच लागेल. छबूही एव्हाना उठली होती आपली आपण. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ह्यांनी तिला नवं नाव दिलं. सुमन. 'सुमन, ये गं सुमन.' छे! ती पाठ करून उभी. मग मालती म्हणून पाहिलं, मग सुलोचना. एकेका नावाला मूठभर कणी टाकायची आणि ती खाऊन जायच्या बाकीच्या तिघी, आणि ही आपली पेरूखाली उभी, आधीच इतके दिवस उपाशी, छाती अशी टोकदार दिसायला लागली होती, आणि नाव बदललं म्हणून दाण्याला येईना. दुपारपर्यंत मी बघितलं हो. खिडकीतून बघितलं, दारातून बघितलं. शेवटी नाही राहवलं. ताटलीत भात घेतला, मागच्या पायरीवर गेले आणि म्हटलं, 'छबू, ये गं. खा.'

आली! धावत आली! माझ्या हातातून खाल्लं तिने. हे बघत उभे होते. आता तक्रार कसली करणार, मीच माझं नाव स्वतःच्या तोंडाने तिला देऊन बसले होते.

तर आता असं आहे. संध्याकाळी मागच्या दारातून हाक येते, 'छबू…' आणि आम्ही दोघी निघतो. ती खुराड्यातून, मी स्वयंपाकघरातून. मधे पेरूखाली हे उभे. जिला बोलावलेलं असतं ती थांबते, दुसरी परत जाते. बहुतेक वेळा मीच परत येते… येताना तिचं अंडं घेऊन येते, एवढंच.