सईच्या हातात दोर होता

बसून घ्या सगळे. मागं उभे आहात त्यांनीही पुढं या, सतरंजीवर जागा आहे. मला मोठ्यानं बोलता येत नाही, घसा बसलाय. आणि आज जे बोलणार आहे ते मी पुन्हा बोलणार नाही.

उन्हातून आलात. डाळजहून माझ्या माहेरची माणसं आलीत, इंदापूरकडचे शेतकरी आलेत, रनिंग ग्रुपची सगळी मुलंमुली आलीत. ग्रुपचे देशमुखसर मघाशी हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही नुसते हात जोडले तरी चालेल." सर, तुमचं चालेल. माझं चालणार नाही.

मी वैशाली. महेशची बायको. चारचौघांत मी त्याला 'हे' म्हणायचे, घरात नावानं हाक मारायचे. आज नावानंच बोलते. आई, सासू म्हणून तुम्हाला खटकेल. खटकू द्या.

आत्तापर्यंत या शोकसभेत जे बोलले ते सगळे एकच बोलले. शंभर-शंभर किलोमीटर धावणं, भिंतीवर चढणं, ठिबकचं दुकान आणि संसार, या सगळ्याचा समतोल कसा साधावा ते महेशकडून शिकावं. शिका. पण तो समतोल मी आतून बघितलाय. तोही ऐकून घ्या.

आमच्या स्वयंपाकघरात एक पांढरा फळा आहे. त्यावर महेश आठवड्याचे चौकोन आखायचा. धावण्याला हिरवा रंग. क्लायम्बिंगला निळा. घराला केशरी. हिरवं रोज असायचं. निळं एक दिवसाआड. केशरी रविवारी. आमची लेक सई लहान असताना एकदा तापली होती. मी म्हटलं, आज थांब. त्यानं फळ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आज हिरवंय." आणि गेला, कालव्याच्या रस्त्यानं.

रविवारचं केशरी म्हणजे काय, तर डाळजला माझ्या माहेरी जेवायला जाणं. आम्ही दोघी गाडीतून. गाडीत त्याचं पाणी, मीठ, केळी, जादाचे बूट. आणि तो जळोचीच्या घरापासून धावत. माझे वडील, आमचे तात्या, पान वाढून वाट बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "पाव्हणं, गाडीत जागा न्हवती का?" महेश हसला. जेवला, आणि ओसरीवर झोपला. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं केशरी चौकोनावर बरोबरची खूण केली. तात्या, तुम्ही समोरच बसलाय. जावई तुमच्याशी कधी निवांत बोलला का? हे मी तुम्हाला पहिल्यांदाच विचारते, तेही सगळ्यांसमोर. राहू द्या, उत्तर देऊ नका.

आबांचं सांगते. आबा म्हणजे माझे सासरे. महेश घाटावरच्या एका मोठ्या रेसमध्ये होता आणि इकडं आबा गेले. रेसमध्ये मधे मधे थांबे असतात, खायला-प्यायला. मी एका थांब्यावर फोन लावला. म्हटलं, "महेश, आबा गेले." तो बराच वेळ नुसता धापा टाकत होता. मग म्हणाला, "आता घाई करून काय होणारे? संपवून येतो." त्यानं रेस संपवली. आबांना आम्ही बर्फावर ठेवलं. तो आला तेव्हा गळ्यात मेडल होतं. काढायचं राहून गेलं असेल, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ग्रुपवर तुम्ही लिहिलंत, 'वडिलांना धावून श्रद्धांजली'. देशमुखसर, तुम्हीच लिहिलं होतंत. छान लिहिलं होतंत.

आई, त्या दिवशी तुम्ही लेकाला एक शब्द बोलला नाहीत. मीही नाही. हे लक्षात असू द्या, कारण पुढं मला तुमच्याबद्दल बोलायचंय.

महेश वाईट माणूस होता का? नव्हता. कधी हात उचलला नाही, कधी प्यायला नाही. पावलांची सालटी निघालेली असायची, मी हळद लावायचे, तेव्हा लहान मुलासारखा डोळे मिटून पडायचा. सईला त्यानंच चढायला शिकवलं. ती पहिल्यांदा टोकाला पोचली तेव्हा तो खाली रडत होता. हे मी पाहिलंय. ते खोटं नव्हतं. पण ज्या रविवारी तो गेला, तो रविवार तुम्ही कुणी पाहिलेला नाही. मी पाहिलाय. मी तिथं होते. आणि दिवस झाले, तेरावा झाला, अख्ख्या बारामतीत चर्चा झाली, पण मला कुणी विचारलं नाही की वैशाली, झालं काय?

तर ऐका.

दुकानामागच्या गोदामात त्यानं छपरापर्यंत क्लायम्बिंगची भिंत उभारली होती. चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा असतो. दोराचं एक टोक पट्ट्याला गाठ मारून बांधायचं. दोर वर कडीतून फिरून खाली येतो, आणि खाली दुसरं माणूस तो धरतं. चढणारा पडला तर खालचा त्याला दोरावर तोलून धरतो. एरवी दोर राहुल धरायचा, त्याचा चढण्यातला जोडीदार. त्या रविवारी राहुल लग्नाला गेला होता. मी म्हटलं, मग आज राहू दे. महेश सकाळीच भिगवणपर्यंत धावून आला होता, पायात गोळे येत होते, जिन्यावर हात टेकत होता. तो म्हणाला, "सई धरेल की दोर. म्हणजे फॅमिली टाइमपण होईल."

सई नववीत आहे. तिनं याआधी कितीतरी वेळा दोर धरलाय. तिला येतं. मी डबा घेऊन खुर्चीवर बसले होते. खालची जाड गादी त्यानं कोपऱ्यात ओढून नेली होती, धावून आल्यावर तिच्यावर पाय ताणायला. ती तिथंच राहिली. त्यानं गाठ बांधायला घेतली, तेवढ्यात हातातलं घड्याळ वाजलं. तो घड्याळाची बटणं दाबत बसला. मग सरळ भिंतीकडं गेला.

सई म्हणाली, "बाबा, गाठ बघू."

तो म्हणाला, "बांधलीय गं. तू दोर ताण. उशीर होतोय."

ती पुन्हा म्हणाली, "बाबा, बघू दे ना."

तो म्हणाला, "मला शिकवू नकोस."

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. तो वर गेला. झरझर गेला. टोकाला पोचला, हात सोडले, आणि मागं रेलला, दोर आपल्याला धरेल म्हणून. दोर कमरेला नीट बांधलेलाच नव्हता. गाठ अर्धी होती, ती पट्ट्यातून सुटून गेली. खाली कोबा होता.

आता बाहेर काय बोललं जातं ते मला कळतं. पोरीच्या हातातून दोर सुटला. पोरगी मोबाईल बघत होती. आणि एक बाई तर मला भेटायला येऊन सईचा तळहात उलटा करून बघून गेली. म्हणाली, "काही खरचटलं नाही हिला. धरला असता तर सालटं निघालं असतं." त्या बाई आज आल्यात. त्यांनी आणलेला हार तिथं फोटोला घातलाय.

अहो, तिनं दोर सोडला असता, तर दोराचं टोक महेशच्या कमरेला बांधलेलं सापडलं असतं. ते वर लोंबत होतं. छपराखाली. अर्ध्या गाठीचा पीळ त्याच्यात तसाच होता. पोलिसांनी शिडी लावून ते काढलं. आणि उरलेला दोर सईच्या हातात होता. अॅम्ब्युलन्स आली तरी होता. मी एकेक बोट सोडवून तो काढला. ती एवढंच म्हणत होती, "मम्मी, वजन आलंच नाही. दोरावर वजन आलंच नाही."

म्हणून तळहात सोलला नाही, बाई.

राहुल, मान वर कर. तू स्मशानातून येऊन माझ्या ओट्यावर बसून रडलास. म्हणालास, "वहिनी, मागंही एकदा दादानं गाठ अर्धी सोडली होती. मी पकडली, आम्ही हसलो." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि पुढं तू चहाच्या गाडीवर चारचौघांत म्हणालास, लहान पोरीच्या हातात दोर द्यायलाच नको होता. किती सभ्यपणे म्हणालास. त्या हसण्याबद्दल तिथं बोलला नाहीस. आज इथं बोलशील असं वाटलं होतं. तुझं मनोगत मी नीट ऐकलं. त्यातही नव्हतं.

आणि आई. तुमचा मुलगा गेलाय, तुमच्याएवढं कुणाचं गेलं नाही. पण दहाव्याच्या दिवशी, पिंडाला कावळा शिवेना तेव्हा, तुम्ही सईकडं बोट केलंत आणि म्हणालात, "तुज्या हातातनं गेला गं माजा ल्योक." लेक गळ्यात मेडल घालून बापाच्या प्रेताजवळ आला तेव्हा तुमच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. नातीसाठी बरा निघाला. त्या दिवसापासून सई उजव्या हातानं काही धरत नाही. पेन नाही, भाकरी नाही. एवढी मोठी मुलगी, मी तिला भरवते.

मला आज महेशबद्दल गोड बोलता आलं असतं. मला येतं ते. पण त्याचं नाव राखायचं तर कुणाच्या तरी माथी हे मारावं लागतं, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यासाठी घरातलं सगळ्यात लहान माणूस निवडलंत. म्हणून मी मेलेल्या माणसाची चूक सांगितली. माझ्या नवऱ्याची. तो स्वतःच्या हातानं गेला, घाईत गेला, आणि जाताना लेकीला गप्प करून गेला.

आता सगळे उभे राहा. आईंना कुणीतरी हात द्या. दोन मिनिटं शांत उभं राहायचंय, महेशसाठी. तो मला आवडायचा. अजून आवडतो, त्याला माझा इलाज नाही.

दोन मिनिटं झाली की चपला घाला आणि घरी जा. महेशबद्दल पाहिजे तेवढं बोला. सईबद्दल मात्र हे मौन घरी गेल्यावरही सोडू नका.